त्यांच्या पश्चात

“वय चुकलंय,” सिस्टर म्हणाल्या. बाकी काही नाही. मांडीवर पेपरचं आतलं पान, हातात प्लॅस्टिकच्या दांड्याचं भिंग आणि भिंगाखाली बाईंच्या निधनाची चार ओळींची बातमी. ७४ च्या जागी ७२ छापलं होतं. माझ्या अक्षरातला चार तिकडे दोनसारखा दिसला असणार. “हो, चुकलंच,” असं काहीतरी पुटपुटून मी चहा टाकायला आत गेले. गॅसपाशी उभी राहिल्यावर लक्षात आलं, की त्यांनी चारही ओळी वाचल्या आहेत. दोनदा वाचल्या आहेत, कारण भिंग डावीकडून उजवीकडे सावकाश फिरून पुन्हा वर गेलेलं मी पाहिलं होतं. त्या ओळींत जे नव्हतं त्याबद्दल त्या अक्षरही बोलल्या नाहीत. वय तेवढं चुकलंय, म्हणाल्या.

ती बातमी माझ्या हातची. आमच्या आळीत काही लिहायचं निघालं की माझ्याकडे येतात. वाचनालयात बावीस वर्षं वर्तमानपत्रांचा विभाग सांभाळला, त्यामुळे पेपरची भाषा हिला येते असा सगळ्यांचा समज. बाई गेल्या त्या २०२३ च्या नवरात्रात. सकाळी माहुलीला अंत्यविधी आटोपून मंडळी परत आली, अंगावरून पाणी घेतलं आणि पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, “ताई, पेपरला मजकूर द्यायचाय, तेवढं बघता का?” स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. टेबलावर मेणकापड, त्यावर चहाच्या कपांखाली अंथरलेला बुधवारचा पेपर. तो सांगत होता, मी लिहीत होते. निवृत्त शिक्षिका, अल्पशा आजाराने, आजन्म अविवाहित राहून त्यांनी अनेक पिढ्या घडवल्या. त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय, दोन पुतणे... इथे तो थांबला. माझं पेनही थांबलं. दाराच्या फटीतून आतली खोली दिसत होती. सिस्टर कॉटवर बसून बाईंच्या धुतलेल्या साड्यांच्या घड्या घालत होत्या, एक घडी मोडून परत घालत होत्या. पुतण्या लहानपणापासून त्यांना मावशी म्हणतो. त्याने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज उतरवून विचारलं, “मावशींचं कसं लिहायचं ओ?”

त्याने खरंच विचारलं होतं. मला उत्तर सुचलं नाही.

‘असा परिवार आहे’ लिहून मी पूर्णविराम दिला.

शब्द शोधला नाही असं नाही. त्या दोन मिनिटांत मनातल्या मनात सगळी कपाटं उघडून पाहिली. ‘मैत्रीण’ लिहावं, तर निधनवार्तेत मैत्रीण कधी येत नाही, आलीच तर ‘मित्रपरिवार’ म्हणून घाऊक येते. ‘सहचारिणी’ हा शब्द पेपरने थोर पुरुषांच्या बायकांसाठी राखून ठेवलेला. ‘जोडीदार’ म्हटलं की बॅडमिंटनची दुहेरी डोळ्यांसमोर येते, नाहीतर वधूवर सूचक मंडळ. ‘साथीदार’ तर गुन्हेगारीच्या पानावरचा, तो कायम फरार असतो. ‘सोबतीण’ सुचला होता. आमच्या आजीच्या तोंडचा, गोड शब्द. पण तो सोबतीला झोपायला येणाऱ्या शेजारणीलाही चालतो आणि बेचाळीस वर्षांना पुरत नाही. भाऊ, भावजय, पुतणे यांना प्रत्येकाला एकेक शब्द होता. भाऊ तर गेली सहा वर्षं साताऱ्याला आले नव्हते, तरी त्यांचा शब्द जागच्या जागी तयार होता. ज्या बाईने शेवटचे पाच महिने दर चार तासांनी कूस बदलून दिली, तिला शब्द नव्हता.

त्या दोघी एकमेकींच्या कोण होत्या, हे मी सांगू शकत नाही. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. मिरजेला नर्सिंग शिकून सिव्हिलमध्ये लागलेल्या सिस्टर १९८१ च्या पावसाळ्यात बाईंच्या घरी एक खोली भाड्याने घेऊन आल्या, तेवढं आळीला माहीत. ‘बाई-सिस्टर’ हा जोडशब्द झाला, नळपाण्यासारखा. दोघींना बोलवा, दोघींचा प्रसाद द्या, दोघी काल यवतेश्वरला गेल्या होत्या. पण मी एक गोष्ट रोज पाहिली आहे. त्यांच्या घरातल्या स्टीलच्या पिंपावर, पिठाच्या डब्यावर, अगदी चमचाळ्यावरसुद्धा दोघींची नावं कोरलेली आहेत. भांड्यांच्या दुकानात ते थरथरणारं यंत्र असतं ना, त्याने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली. एक नाव, मध्ये बारीक रेघ, दुसरं नाव, खाली ‘दिवाळी १९८५’. आपल्याकडे भांड्यांवर कुणाची नावं एकत्र पडतात हे वेगळं सांगायला नको. दुकानदाराने विचारलं असेल का, की तुमचं नातं काय? बहुतेक नाही. त्याने कागदावरची नावं वाचली आणि कोरली.

मेणकापडावरच्या त्या बुधवारच्या पेपराकडे परत येते. तारीख १८ ऑक्टोबर. आदल्या दिवशी, तिसऱ्या माळेला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सुप्रियो चक्रवर्ती खटल्याचा निकाल दिला होता, आणि पहिल्या पानावर आडवा मथळा होता: समलिंगी विवाहाला मान्यता नाही. त्यावर कपाचा ओला गोल उमटला होता. मजकूर लिहिताना तो मथळा माझ्या मनगटाखाली होता आणि मी तो पाहिला नाही. म्हणजे डोळ्यांनी पाहिला, पण पहिल्या पानावरची ती बातमी आणि दाराच्या फटीतलं ते माणूस यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, असं मनाला शिवलंही नाही. बावीस वर्षं पेपर हाताळलेल्या बाईला शिवलं नाही. हे मला सलतं. आणि याला निम्मी जबाबदार मी असेन, तर निम्मी ती भाषा आहे असं आता वाटतं.

मथळा नीट वाचून पाहा. ‘विवाहाला मान्यता नाही.’ मान्यता शाळेला मिळते, महाविद्यालयाला मिळते, लेआउटला मिळते. आपण छापतो, ‘ऊस उत्पादकांना दर नाही’, ‘शिक्षकांना पेन्शन नाही’. तिथे चतुर्थी विभक्तीत माणूस उभा असतो. कुणाला मिळालं नाही ते पहिल्या शब्दात कळतं, आणि बाजूने असो की विरोधात, वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक चेहरा येतो. इथे चतुर्थीत विवाह उभा आहे. माणसं वाक्यातच नाहीत. ‘समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क नाही’ असं लिहिलं असतं तरी निकाल तोच राहिला असता, बातमी तेवढीच खरी आणि तेवढीच तटस्थ. फक्त त्या वाक्यात दोन माणसं येऊन बसली असती. ओळखीच्या एका बातमीदाराला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, “मावशी, चार कॉलमात बसेल तेवढंच बसवतो आम्ही, रात्रीचे साडेअकरा झालेले असतात.” खरं आहे त्याचं. पण शेतकरी बसतात की.

आणि तो मूळ शब्द. ‘समलिंगी’ काय, ‘समलैंगिक’ काय, दोन्ही छापले जातात, त्यातला दुसरा जास्त. ‘लैंगिक’ हा शब्द मराठी पेपरात आणखी कुठे भेटतो? लैंगिक अत्याचार, लैंगिक छळ, लैंगिक शोषण. कानाला त्या शब्दाची हीच सवय आहे. मग त्यापुढे ‘विवाह’ लागला तरी ऐकणाऱ्याचा हात आपोआप पोराच्या कानावर जातो. त्याआधीची कित्येक वर्षं तर ही माणसं फक्त ‘अनैसर्गिक कृत्य’ या दोन शब्दांत, तेही आतल्या गुन्ह्यांच्या पानावर भेटायची. वाचनालयात टेबलाभोवती बसणारी पेन्शनर मंडळी निवडणुका, धरणं, क्रिकेट मोठ्याने वाचतात. २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत दहा दिवस सुनावणी चालली, तिचं थेट प्रक्षेपण झालं, रोज बातमी आली. ती बातमी आली की मोठ्याने वाचणारा थांबायचा, ओठ हलायचे, मग पान उलटायचं. कुणी विरोध केला नाही, कुणी बाजू घेतली नाही. जो शब्द चार माणसांत उच्चारता येत नाही, त्यावर कुणी बोलणार तरी कसं?

शब्दाने एवढं होतं का, असं कुणी विचारेल. अमेरिकेत २०१० साली समलिंगी माणसांच्या सैन्यभरतीबद्दल एक पाहणी झाली. काहींना ‘होमोसेक्शुअल’ हा वैद्यकशास्त्रातला जुना शब्द वापरून विचारलं, काहींना ‘गे’ आणि ‘लेस्बियन’ हे ती माणसं स्वतःसाठी वापरतात ते शब्द वापरून. प्रश्न तोच. पहिल्या शब्दाला ५९ टक्के लोक सैन्यात घ्यावं म्हणाले, दुसऱ्याला ७० टक्के. आणि साताऱ्याच्या माणसाने तरी हे विचारू नये. क्रांतिसिंह नाना पाटलांचं सरकार ज्यांना आपलं वाटलं त्यांनी त्याला प्रतिसरकार म्हटलं, आणि ज्यांना सलत होतं त्यांनी तळपायाला पत्र्या मारणाऱ्यांचं म्हणून पत्री सरकार म्हटलं. माणसं तीच, गावं तीच. पुढे लोकांनी तो दुसरा शब्दही उचलला आणि अभिमानाने मिरवला, ती गोष्ट निराळी.

माझ्या आजीचं माहेर कोरेगाव तालुक्यात. तिच्या बोलण्यात एक शब्द यायचा, ‘म्होतूर’. अमकीचा म्होतूर झाला, तमकी पाटाची आहे. विधवा बाई दुसरा संसार करायची तो पाट, आणि पहिला तेवढा लग्न. पाट रात्री लावायचा, वाजंत्रीशिवाय. त्यानंतर ती बाई पहिलीसारखीच भाकरी थापायची, शेतात राबायची, लेकरं वाढवायची, पण आयुष्यभर ‘पाटाची’. लग्नाची नाही. आजी हे कुत्सितपणे म्हणायची नाही, लाल लुगड्याला लाल म्हणावं तसं म्हणायची. आता गंमत नाही, वेदना वाटते ती याची, की एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या पत्रांत विधवाविवाहावर रान पेटलं होतं. १८५६ चा कायदा झाला होता, विष्णुशास्त्री पंडित ‘इंदुप्रकाश’मधून बाजू मांडत होते, समोरून शास्त्राधार फेकले जात होते. तिथल्या वादात त्याचं नाव ‘पुनर्विवाह’. असा भारदस्त शब्द, की जणू ही गोष्ट या भूमीवर पहिल्यांदाच घडू घातली आहे. कोरेगावच्या शिवारात ती पिढ्यान्‌पिढ्या घडत होती. पण ती छापली जात नव्हती, म्हणून ती वादाचा विषय नव्हती, म्हणून वादात तिचा दाखला नव्हता.

हे आठवलं की २०२३ चं ते एक प्रतिज्ञापत्र आठवतं. केंद्राने न्यायालयात सांगितलं, की ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचा दृष्टिकोन आहे. मराठी पेपरांत ‘शहरी उच्चभ्रू’ हे दोन शब्द मग आठवडाभर फिरले, अग्रलेखांत गेले, वाचकांच्या पत्रांत गेले. मीही मान डोलावली असेल, खोटं का बोला. मुंबईतली मुलं, इंग्रजी बोलणारी, त्यांचं काहीतरी चाललंय. निकालपत्रात सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी याला उत्तर दिलं आहे, की शहरात पांढरपेशी नोकरी करणारा इंग्रजी बोलणारा पुरुष असेल, तशीच खेड्यात शेतात काम करणारी बाईही असेल. चार वेगवेगळी निकालपत्रं आली. विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जणांचं एकमत झालं, आणि अशा जोडप्यांच्या एकत्र राहण्याला कायद्याने ओळख द्यावी का यावर तीन विरुद्ध दोन. ‘नाही’चा मथळा झाला. शेतातल्या त्या बाईचं वाक्य आत कुठेतरी राहून गेलं, आणि मी ते कितीतरी महिन्यांनी वाचलं. वाचलं तेव्हा मला शेतातली बाई दिसली नाही. साड्यांच्या घड्या मोडून परत घालणारा हात दिसला.

आणखी एक आठवण आहे, ती इथे बसते की नाही माहीत नाही. वाचनालयात मी असतानाच, २०१९ च्या उन्हाळ्यात, विशी-बाविशीचा एक मुलगा आला आणि आदल्या वर्षीच्या सप्टेंबरची फाइल मागितली. अंगावर एसटीच्या प्रवासाची धूळ, पाठीला सॅक. मी बासन काढून दिलं. तो ७ तारखेच्या अंकापाशी थांबला. ३७७ व्या कलमाच्या निकालाच्या दुसऱ्या दिवसाचा अंक. त्याने मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला, सावली पडली म्हणून दुसरा काढला. मग कडा जुळवून, सुतळी आवळून फाइल अशी बांधून दिली, की इतकी नीट परत दिलेली फाइल मी बावीस वर्षांत पाहिली नाही. “मिळालं का हवं ते?” मी विचारलं. “हो ताई,” म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. नंतर मी ते पान उघडून पाहिलं. समलैंगिकता गुन्हा नाही. त्यातही मोठा दिसत होता तो ‘गुन्हा’च. २०१८ चा एक ‘नाही’, २०२३ चा दुसरा ‘नाही’. त्या मुलाने मधल्या काळात स्वतःबद्दल घरी काही सांगायचं ठरवलं असेल, तर त्याच्या आईकडे समजून घ्यायला कोणते शब्द होते, हा विचार मला रात्री कधीकधी झोपू देत नाही. पेपर तर त्यांच्याही घरी रोज येत असेल.

न्यूयॉर्क टाइम्सने १९८७ साली ‘गे’ हा त्या लोकांनी स्वतः निवडलेला शब्द आपल्या पानांवर वापरायला परवानगी दिली, तोवर तो वर्ज्य होता. आणि २००२ च्या सप्टेंबरात लग्नांच्या बातम्यांच्या पानावर अशा जोडप्यांच्या सोहळ्यांना जागा द्यायला सुरुवात केली. तिथल्या एकाही राज्यात तेव्हा अशा लग्नाला कायदा नव्हता. हे वाचल्यापासून मला वाटत आलंय, की पहिल्या पानावरचा वाद चालू द्यावा, तो चालणारच. संसद आहे, न्यायालय आहे. पण आतल्या पानावर जिथे लग्नं, बारशी, मरणं लागतात, तिथे जागा करायला पेपरला कुणाची मान्यता लागत नाही.

आपल्याकडेही आतल्या पानांवर काही येऊन गेलं. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात केंद्राने कळवलं, की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातलं धरावं, बँकेत संयुक्त खातं उघडता यावं, त्या खात्यावर एकमेकांचं नाव नॉमिनी म्हणून लावता यावं, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. आमच्या पेपरात ती बोटभर बातमी होती. मी ती कापून ठेवली. ‘जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर.’ माहुलीला सिस्टर बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत मागे उभ्या होत्या. मडकं फुटलं तेव्हा त्यांनी फक्त घड्याळ पाहिलं. नर्स होत्या, वेळ पाहायची सवय.

पहिल्या वर्षी पुण्यस्मरणाची जाहिरात पुतण्याने दिली. फोटो, तारखा, खाली ‘शोकाकुल: समस्त परिवार’. दुसऱ्या वर्षी, नवरात्राच्या आधी, सिस्टर स्वतःच म्हणाल्या, “चल माझ्याबरोबर.” पेपरच्या जाहिरातीच्या खिडकीपाशी आम्ही दोघी उभ्या होतो. त्यांनी पिशवीतून बाईंचा फोटो काढला, तो पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. मुलाने फोटो स्कॅनवर ठेवला, नाव टाइप केलं आणि विचारलं, “खाली शोकाकुलमध्ये काय घालू आजी? कुटुंबीय?”

माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, आता हा विचारणार, तुम्ही त्यांच्या कोण.

सिस्टरांनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट, सिव्हिलच्या हजेरीपटावर असेल तसं. मुलाने टाइप केलं. नात्यासाठी त्या चौकटीत जागाच नव्हती. ‘शोकाकुल’ आणि त्यापुढे एक नाव. त्याने मॉनिटर आमच्याकडे वळवला. सिस्टरांनी पर्समधून भिंग काढलं आणि काचेवर धरून सावकाश, अक्षर न्‌ अक्षर वाचलं. मग वर फोटोखालच्या ओळीवर बोट टेकवलं.

“इथं वय घाल,” त्या म्हणाल्या. “चौऱ्याहत्तर. आकड्यात नको, अक्षरांत लिही.”